सकाळी आठची फाइल

कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका 34 वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश. गेली सहा वर्षे त्या घरी बसून मराठी मालिका आणि चित्रपटांची इंग्रजी उपशीर्षके तयार करतात. नोकरी सोडून हे मुक्त काम त्यांनी पत्करले ते नाटकासाठी. महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत त्या प्रथम प्रकाशयोजनेच्या टेबलावर बसल्या आणि तेव्हापासून एका हौशी नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना त्यांच्याकडे होती. आता मात्र लॉस एंजेलिसच्या एका संस्थेकडून संध्याकाळी साडेसातला फाइल येते आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत परत द्यायची असते. त्यामुळे गेले दीड वर्ष त्यांची तालीम सुटली आहे. नोकरी करणारे मित्र तालमीला हजर असतात, नंतर नळ स्टॉपला पहाटेचे पोहे खातात आणि ग्रुपवर फोटो टाकतात. भरीस भर म्हणजे याच संस्थेने आता कळवले आहे की पुढील महिन्यापासून पहिला खर्डा यंत्र करील आणि त्यांनी तो केवळ तपासायचा, ज्यासाठी मिनिटाला 100 रुपयांऐवजी 40 रुपये मिळतील. मुंबईची दुसरी संस्था पैसे 90 दिवसांनी देते. अशात हिंजवडीच्या एका कंपनीतून दहा ते सात वेळेची, महिना 42 हजार रुपयांची नोकरी चालून आली आहे आणि यजमान व सासूबाई दोघांचेही म्हणणे ती घ्यावी असे आहे. त्या विचारतात, “नोकरी घ्यावी का? आणि घेतली, तर ही सहा वर्षे वाया गेली असे समजायचे का?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात तुम्ही एके ठिकाणी लिहिले आहे, “रात्र माझी राहिलेलीच नाही, ती अमेरिकेची झाली आहे.” नोकरीचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते आणि आधी या वाक्यापाशी थांबते, कारण तुमची सगळी कोंडी त्यात आहे, आणि त्यात गृहीत धरलेली गोष्ट कोणी तपासून पाहिलेली नाही असे मला वाटते.

घड्याळ समोर घेऊन बसा. हिवाळ्याच्या या दिवसांत पुणे लॉस एंजेलिसच्या साडेतेरा तास पुढे आहे. तुम्ही सकाळी आठला फाइल पाठवता तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे कार्यालयातील माणसे घरी निघालेली असतात. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळे तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतात. त्या काळात हा फरक साडेबारा तासांचा होतो, म्हणजे तिथले सकाळचे नऊ हे आपले रात्रीचे साडेनऊ. तेव्हा तुम्ही डोळे ताणून, रात्रभर जागून, मुलीचा डबा भरण्याआधी घाईघाईने जी फाइल पाठवता, ती बहुधा त्यानंतर चौदा तास कोणी उघडतही नसावे. तीच फाइल दिवसा, मुलगी शाळेत असताना पूर्ण करून संध्याकाळी सातला पाठवलीत, तरी त्या माणसाच्या टेबलावर ती त्याच क्षणी पोचलेली असेल.

मी “बहुधा” म्हटले, कारण एक शक्यता राहते. तपासणीचे काम तिसऱ्याच देशात होत असेल आणि तिथला कोणी तुमच्या सकाळी आठची वाट पाहत असेल, तर हा हिशेब बदलतो. परंतु हे तुम्हाला ठाऊक नाही आणि सहा वर्षांत तुम्ही ते विचारलेले नाही, असे पत्रावरून दिसते. यात तुमचा दोष काढण्याचा हेतू नाही. मी स्वतः बारा वर्षे घरून भाषांतरे केली आणि “उद्या सकाळपर्यंत हवे” असे म्हटले की ते सकाळीच हवे असणार, असे मानून कित्येक रात्री घालवल्या. मुदत लिहिणाऱ्याने अनेकदा सोयीचा आकडा टाकलेला असतो, किंवा एखाद्या प्रणालीने तो आपोआप भरलेला असतो. तुमची फाइल साडेसातला येते तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे सहा वाजलेले असतात. त्या वेळी कोणी माणूस बसून ती पाठवत असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून पहिले काम हे की, तुमच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या व्यक्तीला सरळ विचारा: माझी फाइल पुढे कोण उघडते आणि त्यांच्या वेळेनुसार कधी? मुदत वाढवून मागण्यापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. मुदत वाढवून मागणारी व्यक्ती कामात मागे पडते आहे असा ग्रह होऊ शकतो, तर हा प्रश्न विचारणारी व्यक्ती कामाची साखळी समजून घेते आहे असे वाटते आणि ते खरेही आहे.

आता दुसरे गृहीतक. तुम्हाला वाटते की तुमची सारी रात्र गेली. पण तुम्हाला हवी तरी किती रात्र आहे? तालीम साडेआठ ते अकरा आणि आठवड्यातून तीन दिवस, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे आठवड्याला साडेसात तास. पुण्याची रात्र तशीही फार लांब नाही. पब दीडला बंद होतात, उघड्यावरचा ध्वनिवर्धक दहाला थांबतो, आणि एके काळी पहाटेपर्यंत चालणारा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा या नियमामुळे आपले वेळापत्रक बदलून बसला आहे. ज्यांना पहाटे तीनला नळ स्टॉपवर पोहे खायचे असतील त्यांना खाऊ द्यावेत. पत्रात तुम्ही त्या पोह्यांबद्दल एक ओळ लिहिली आहे आणि रंगमंचावरचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरबद्दल दीड पान. तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षागृहातले दिवे जातात, रंगमंचावर अजून काही दिसत नाही आणि पहिल्या क्यूवर, म्हणजे प्रकाश बदलण्याच्या पहिल्या जागेवर, तुमची बोटे टेकलेली असतात, त्या चार-पाच सेकंदांचे तुम्ही केलेले वर्णन वाचताना मला तुमचा हेवा वाटला. तुमचे हरवले आहे ते हे. ते परत मिळवण्यासाठी अख्खे आयुष्य उलटेपालटे करण्याची गरज नाही, आठवड्यातील तीन संध्याकाळी मोकळ्या करणे पुरेसे आहे.

मग यंत्राच्या खर्ड्याचे काय? इथे मात्र मी तुमच्याइतकीच अस्वस्थ आहे, आणि तुमच्यासारखे काम करणाऱ्या इतरांनीही हा भाग लक्षपूर्वक वाचावा असे मला वाटते.

तुम्ही नमुन्यादाखल आलेल्या खर्ड्यातील दोन जागा कळवल्या आहेत. सून सासऱ्यांना विचारते, “चहा टाकू का?” आणि यंत्राने ती चहा फेकून देण्याची परवानगी मागते आहे असे भाषांतर केले. दुसऱ्या प्रसंगात बायको स्वयंपाकघरातून “अहो, ऐकलंत का?” अशी हाक मारते आणि यंत्र समजले की ती काही बातमी ऐकल्याचे विचारते आहे. पहिली चूक मराठी जाणणारा कोणीही पकडेल. दुसरी अधिक धोक्याची आहे, कारण तिथे इंग्रजी वाक्य अगदी बिनचूक दिसते, व्याकरण सरळ असते, आणि तपासणारा थकलेला असेल तर डोळा त्यावरून घसरून पुढे जातो. ती हाक आहे, तिच्यात नाव न घेण्याची एक जुनी रीत आहे, त्या रीतीतून त्या दोघांचे नाते कळते. आणि हे सारे एका ओळीत साधारण 42 चिन्हे, एका वेळी दोनच ओळी आणि पडद्यावर फार तर सात सेकंद, एवढ्या जागेत बसवायचे असते. तुम्ही जे काम करता ते हे आहे. “केवळ तपासणे” हा शब्द त्याला लावला म्हणून काम बदलत नाही.

परंतु रागाने दर ठरत नाहीत, म्हणून हिशेब करू. तुम्ही लिहिता की 45 मिनिटांचा भाग स्वतः पहिल्यापासून केला तर आठ तास लागतात आणि यंत्राचा खर्डा दुरुस्त करायला साडेपाच तास लागले. जुन्या दराने त्या भागाचे 4,500 रुपये होत होते, म्हणजे तासाला सुमारे 560. नव्या दराने 1,800 रुपये होतील, म्हणजे तासाला सुमारे 330. वेळ तिसऱ्या हिश्श्याइतकाही वाचला नाही आणि मोबदला निम्म्याहून खाली आला. तासाचे उत्पन्न होते तेवढेच राहायचे असेल, तर मिनिटाला 70 रुपये हवेत. तेव्हा 40 रुपयांना नकार कळवण्याऐवजी 70 चा आकडा कारणासहित कळवा. त्यासाठी पुढचे चार भाग करताना वेळेची नोंद ठेवा, एवढेच नव्हे तर प्रत्येक भागात किती ओळी बदलाव्या लागल्या तेही मोजा. उपशीर्षकांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून हे सहज दिसते. शंभरातल्या साठ ओळी बदलल्या असतील, तर तो खर्डा किती उपयोगाचा होता हे आकडाच सांगेल, आणि पलीकडच्या माणसाला तोच आकडा आपल्या वरिष्ठांपुढे ठेवता येईल.

त्यांनी मान्य केले नाही तर? तेही शक्य आहे. घरगुती मालिका, पाककृती, जाहिराती असे काम स्वस्त दराकडे झुकत जाईल असे मला दिसते, आणि त्यात टिकून राहण्यासाठी रात्र जाळणे हा तोट्याचा सौदा आहे. ज्या कामात बोली आहे, विनोद आहे, जुने शिवराळ मराठी आहे, मालवणी किंवा वऱ्हाडी पात्रे आहेत, तिथे यंत्राचा खर्डा इतका खराब येतो की जाणते लोक तो मागतच नाहीत. महोत्सवांना जाणारे स्वतंत्र चित्रपट, लघुपट आणि माहितीपट यांचे दिग्दर्शक उपशीर्षकांसाठी बहुधा शेवटच्या आठवड्यात धावपळ करत असतात. तुमच्या नाट्यसंस्थेतलेच दोघे चित्रपटांत काम करतात असे तुम्ही म्हणता. त्यांच्याशी बोला. हे काम नियमित नसते, पण दिवसा करता येते, दिग्दर्शकाशी समोरासमोर बसून करता येते आणि त्यावर नाव लागते.

एक सावधगिरीची सूचना याच ओघात देते. वेळ वाचवण्यासाठी संवादांची संहिता इंटरनेटवरील एखाद्या फुकट भाषांतर-यंत्रात घालण्याचा मोह होईल. तसे करू नका. प्रदर्शित न झालेल्या मालिकेची संहिता गोपनीयतेच्या कराराने बांधलेली असते आणि ती कुठे साठवली गेली याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

मुंबईच्या संस्थेबाबत तुम्ही फारच सोशिक आहात. 90 दिवस हा काही निसर्गनियम नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 नुसार, नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेणाऱ्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. घरून एकटीने सेवा देणारी व्यक्तीसुद्धा ‘उद्यम’ संकेतस्थळावर आधार आणि पॅन यांच्या आधारे नोंदणी करू शकते आणि त्यासाठी शुल्क नाही. “आम्ही करून देतो” म्हणून पैसे मागणारे मध्यस्थ भेटतील, त्यांची गरज नाही. नोंदणी पुढचे काम स्वीकारण्याआधीच करून घ्या, कारण आधी झालेल्या व्यवहारांना हे संरक्षण मिळण्याबाबत वाद उभे राहतात. मग बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि खाली एका ओळीत 45 दिवसांची मुदत लिहा. यात आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे त्यांच्या लेखा विभागालाच तुमचे बिल वेळेत निकाली काढण्याची निकड वाटू लागते. तक्रार, अशा थकबाकीचे वाद ऐकणारी सुलभीकरण परिषद हे मार्ग आहेतच, परंतु बहुतेक वेळा बिलावरचा क्रमांक पुरतो. माझे मानधन एका कार्यालयाने अकरा महिने थकवले होते आणि मी दर पंधरवड्याला “सवडीने पाहावे” असे नम्र पत्र लिहीत राहिले. त्या काळी मला हा कायदा ठाऊक असता तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते. परदेशी संस्थेवर मात्र याचा उपयोग होणार नाही, तिथे करारातच मुदत लिहून घ्यावी लागते.

आता नोकरीकडे येते. नोकरीबद्दल माझ्या मनात अढी नाही. नियमित पगार, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची भरपगारी रजा, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला पोटात गोळा न येणे, या गोष्टींची किंमत मोठी आहे. तुमच्या सासूबाईंना तुमचे काम कळत नाही म्हणून त्या आग्रह करतात, असे तुम्हाला वाटते. मला पत्रातून वेगळे दिसते. सकाळी साडेआठला झोपून साडेबाराला मुलीला आणायला उठणारी सून त्या रोज पाहतात. रात्रपाळीचे काम शरीराला किती महागात पडते यावर बराच अभ्यास झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला कर्करोगाची संभाव्य कारक म्हणून वर्गीकृत केले. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. चार तासांची झोप दीड वर्ष चालली आहे, म्हणून या महिन्यात एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, नोकरीचा निर्णय काहीही होवो.

परंतु नोकरी घ्यायची ती नाटकासाठी, असे जे तुम्ही गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही. कार्यालय सातला सुटेल. हिंजवडीहून संध्याकाळच्या गर्दीत कोथरूडला यायला तास-सव्वा तास लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. सव्वाआठला घरात पाऊल टाकून, सात वर्षांची मुलगी “आई आली” म्हणत बिलगलेली असताना, साडेआठच्या तालमीला तुम्ही निघाल का? कदाचित निघाल. पण तुमचे जे मित्र साडेआठला हजर असतात, त्यांच्या घरी कोण काय सांभाळते, हेही एकदा त्यांना विचारून पाहा. दोन आठवडे प्रत्यक्ष प्रयोग करता येईल: नोकरीच्या वेळेप्रमाणे सकाळी दहाला कामाला बसा, सातला उठा, सव्वाआठपर्यंत बाहेर राहा आणि मग तालमीला जा. कागदावर मांडलेल्या बाजूंपेक्षा या पंधरा दिवसांतून तुम्हाला जास्त कळेल.

माझे मत विचाराल तर, कंपनीकडून उत्तरासाठी महिनाभराची मुदत मागावी. त्या महिन्यात वरील तीन गोष्टी कराव्यात: घड्याळाचा प्रश्न विचारणे, 70 रुपयांचा आकडा मांडणे आणि उद्यम नोंदणी. लॉस एंजेलिसची मुदत संध्याकाळवर आली आणि दर 60 च्या वर राहिला, तर नोकरी घेऊ नये असे मी म्हणेन. दोन्हीला नकार आला आणि हाताशी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक नसेल, तर नोकरी घ्यावी, आणि ती घेताना आठवड्यातून दोन दिवस घरून काम हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे, तोंडी आश्वासनावर राहू नये. ते दोन दिवस तालमीचे असतील हे यजमानांशी आधीच ठरवा, कारण मुलीची ती संध्याकाळ त्यांची असेल.

सहा वर्षे वाया गेली का, याचे उत्तर देणे मला अवघड वाटत नाही. “ऐकलंत का” ही हाक आहे हे ओळखणारी दृष्टी कुठल्याही नोकरीत तुमच्याबरोबर येईल, आणि हिंजवडीच्या कंपनीने तुम्हाला बोलावले ते याच सहा वर्षांच्या कामाकडे पाहून. राहता राहिली नाट्यसंस्थेत आता तुमच्या जागी प्रकाशयोजना सांभाळणारी तरुणी. तिला दूर करून टेबल परत मागण्याचा संकोच तुम्हाला वाटतो, तो योग्यच आहे. पुढच्या नाटकाला तिच्या शेजारी बसा आणि क्यूंची यादी दोघी मिळून करा. ज्या दिवशी तुमची फाइल अडेल त्या दिवशी ती असेल आणि तिची परीक्षा असेल तेव्हा तुम्ही असाल.

लॉस एंजेलिसला पाठवायचे पत्र चार ओळींपेक्षा लांबवू नका. साधारण असे: “मी आपल्याबरोबर सहा वर्षे काम करीत आहे. माझी फाइल पुढील टप्प्यावर आपल्या वेळेनुसार किती वाजता उघडली जाते, हे कळवावे. ती सकाळी नऊनंतर उघडली जात असल्यास, मी ती आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत, दिवसाच्या उजेडात दोनदा तपासून देऊ शकेन. त्यामुळे चुका कमी होतील.” तिथले पहाटेचे साडेपाच म्हणजे आपले संध्याकाळचे सात. दराचे पत्र आठवड्याने, नोंदी हातात आल्यावर वेगळे पाठवा, दोन्ही मागण्या एकत्र करू नका. हे पहिले पत्र त्यांच्या सकाळी नऊला पोचावे, म्हणजे आपल्या रात्री साडेदहाला. दुपारीच लिहून मेलला ती वेळ लावून ठेवा आणि साडेआठला तालमीला जा.